वाट, घर आणि नोंदवही

आमचे एक ज्येष्ठ सहकारी सेवानिवृत्तीनंतर चार महिने मुलाकडे अमेरिकेत राहून अलीकडेच दिल्लीस परतले. एका रविवारी सकाळी ते आमच्या क्वार्टरवर आले आणि चहा घेता घेता मोबाईलमधील छायाचित्रे दाखवू लागले. नायगारा झाला, न्यूयॉर्क झाले, वॉशिंग्टन झाले. मग एकाएकी लाल विटांचे एक दुमजली, अगदी साधे घर समोर आले. "हे कोणाचे घर?" आम्ही विचारले. "अहो, इंडियाना राज्यात फाउंटन सिटी म्हणून एक लहानसे गाव आहे. दक्षिणेकडून पळून आलेल्या गुलामांना या घरात आसरा देत असत. चिरंजीवांनी मुद्दाम वाट वाकडी करून नेले. पण तुम्हांला खरे सांगू का? पाहण्यासारखे तेथे काही नाही." एवढे बोलून त्यांनी बोट फिरविले आणि पुढचे छायाचित्र काढले.

ते वाक्य आमच्या मनात राहिले. आम्ही ते घर पाहिलेले नाही, पाहण्याचा योगही दिसत नाही. सरकारी नोकराची रजा-प्रवास सवलत कन्याकुमारीपाशी थांबते. परंतु त्या घराविषयीची, त्या वाटेविषयीची पुस्तके गेली काही वर्षे आमच्या वाचनात आहेत. काही स्थळांकडे जाणारा रस्ता कागदावरूनच जातो. अशा स्थळांविषयी घरी बसलेल्या वाचकासही दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा. 'पाहण्यासारखे' म्हणजे काय, आणि ते नेमके कोठे असते, हा प्रश्न आम्हांस वाङ्मयीन वाटतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वस्तुस्थिती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १८६५ पर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती. तेथून निसटून उत्तरेकडील राज्यांत आणि पुढे कॅनडात जाऊ पाहणाऱ्या माणसांना वाटेत आसरा, अन्न, कपडे व पुढचा पत्ता देणारे जे विखुरलेले जाळे होते, त्यास 'भूमिगत रेल्वे' असे नाव पडले. तिला रूळ नव्हते, इंजिन नव्हते आणि ती भूमीच्या पोटातूनही जात नव्हती. आसऱ्याच्या घरास 'स्टेशन', वाट दाखविणाऱ्यास 'कंडक्टर' आणि पळणाऱ्यास 'प्रवासी' म्हणत, एवढाच रेल्वेशी संबंध. १८५० च्या कायद्याने उत्तरेकडील राज्येही पळालेल्यांना असुरक्षित झाली. त्या कायद्यातील एक कलम आम्हां कारकुनांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. पकडलेल्या माणसास मालकाच्या हवाली करण्याचा निर्णय दिल्यास आयुक्तास दहा डॉलर शुल्क मिळे, आणि त्यास मुक्त केल्यास पाच. कागदपत्रांचे काम अधिक असते, असे त्याचे समर्थन करण्यात आले. अन्याय किती नीटनेटक्या हस्ताक्षरात लिहिला जातो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस माहीत नाही.

या वाटेवरील स्थळांची नोंद आणि जपणूक व्हावी म्हणून अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि राष्ट्रीय उद्यान खात्याकडे ते काम सोपविले. आज अशी शेकडो स्थळे पाटी लावून उभी आहेत आणि त्यांना भेटी देणाऱ्यांचा ओघ मोठा आहे. या भेटींची मार्गदर्शक पुस्तके आहेत, प्रवासवर्णने आहेत, कादंबऱ्या आहेत. या सर्व लेखनास एकच मूळ अडचण आहे. ती ध्यानी घेतल्यावाचून त्याचे मूल्यमापन करता येणार नाही.

अडचण अशी की, या वाटेचे यश खुणा न ठेवण्यात होते. किल्ला दिसावा म्हणून बांधतात, देवालय दिसावे म्हणून बांधतात. ही घरे मात्र चारचौघांसारखी दिसणे आवश्यक होते. आमच्या सहकाऱ्यांनी पाहिलेले घर लेव्हाय कॉफिन या क्वेकर व्यापाऱ्याने १८३९ मध्ये बांधले. त्या गावाचे नाव तेव्हा न्यूपोर्ट होते. त्या घरात तळघराच्या स्वयंपाकघरातच विहीर आहे. घरात रोज किती पाणी लागते हे शेजाऱ्यापाजाऱ्यांस कळू नये, हा तिचा उपयोग. माडीवरील शयनगृहात भिंतीस एक ठेंगणे दार आहे. त्याच्यामागे छपराच्या उतरणीखालच्या चिंचोळ्या पोकळीत माणसे दाटीवाटीने बसत आणि दारापुढे पलंग सरकविला जाई. म्हणजे 'पाहण्यासारखे काही नाही' हा अभिप्राय त्या घराच्या बाबतीत निंदा नसून प्रशस्तिपत्रच ठरते! गुलामांच्या शोधात आलेल्या माणसांचाही नेमका तोच अभिप्राय व्हावा म्हणून ते घर तसे होते. आमचे सहकारी विहीर पाहून आले होते. तिचा अर्थ मात्र विहिरीत दिसत नाही. तो सांगावा लागतो.

येथे दुसरा, अधिक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. तो अर्थ आजवर कोणी सांगितला? ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक विल्बर सीबर्ट यांनी १८९८ मध्ये या विषयावरील पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी नकाशे काढले, शेकडो पत्रे मिळविली आणि मदतनिसांची तीन हजारांवर नावे परिशिष्टात दिली. परिश्रम थोर, यात शंका नाही. परंतु ती माहिती बहुतांशी वृद्ध झालेल्या गोऱ्या मदतनिसांच्या व त्यांच्या मुलानातवंडांच्या आठवणींवर आधारलेली होती. आठवणीत स्वतःचे घर मोठे होते आणि दारावर थाप मारणारा पाहुणा लहान होतो. १९६१ मध्ये लॅरी गारा या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात या दंतकथेची चिकित्सा केली आणि दाखवून दिले की, पळणाऱ्यांनी वाटेचा सर्वांत अवघड भाग प्रायः स्वतःच्या हिमतीवर, कोणत्याही 'स्टेशना'वाचून पार केला होता. दक्षिणेत त्यांना घर नव्हते, नकाशा नव्हता; असलाच तर त्यांच्यासारख्याच एखाद्या गुलामाचा चोरून दिलेला घास होता.

स्थळांच्या यात्रेस हा दोष जडलेला आहे, आणि तो स्थळांच्या स्वभावातूनच येतो. घर टिकते, वाट टिकत नाही. घर ज्याचे, त्याचे नाव टिकते; पळणाऱ्याचे घर नव्हतेच. त्यामुळे घरांच्या वाटेने जाणारा प्रवासी नकळत आश्रयदात्यांचीच यात्रा करून परत येतो. कॉफिन यांच्यासारख्यांचे मोठेपण आम्हांस कमी करावयाचे नाही. दंड, तुरुंग आणि मारहाण यांचे भय त्यांनी पत्करले. परंतु पकडले गेल्यास त्यांस तुरुंग होता. पाहुण्यास लिलाव होता. हा भेद विटांतून दिसत नाही.

या दृष्टीने मेरिलँडमधील डॉर्चेस्टर परगण्याची यात्रा आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते, कारण तेथे दाखविण्यास घरे फारशी नाहीतच. हॅरिएट टबमन यांचा जन्म १८२२ च्या सुमारास येथे झाला. १८४९ मध्ये त्या एकट्या निसटल्या आणि पुढील दहाएक वर्षांत सुमारे तेरा वेळा मागे येऊन त्यांनी सत्तरएक माणसांना बाहेर काढले. आता त्यांच्या नावाचा दोनशे किलोमीटरांचा रस्ता आहे आणि २०१७ पासून माहितीकेंद्रही आहे. पण प्रवाशास दिसते ती दलदल, उंच गवत, खाड्या आणि सपाट शेते. बकटाउनच्या चौरस्त्यावर एक दुकान आहे. पळू पाहणाऱ्या दुसऱ्याच एका गुलामावर मुकादमाने फेकलेले लोखंडी वजन तेथे कोवळ्या वयाच्या हॅरिएटच्या डोक्यास लागले. त्या जखमेने त्यांना आयुष्यभर अवचित झोपेचे झटके येत. त्यांचे वडील बेन रॉस यांच्या खोपटाची जागा २०२१ मध्ये उत्खननात सापडली. भांड्यांचे तुकडे आणि १८०८ चे एक नाणे, एवढाच ऐवज. समुद्राची पातळी वाढत असल्याने ती दलदलही हळूहळू पाण्याखाली जात आहे. तेथे उभ्या राहणाऱ्या प्रवाशाची कोणी फसवणूक करीत नाही. रात्री या चिखलातून पाय उचलावयाचा होता, एवढेच ते स्थळ सांगते, आणि ते पुरेसे आहे.

मग पळणाऱ्याचे स्वतःचे बोलणे कोठे आहे? आमच्या मते ते एका कारकुनाच्या नोंदवहीत आहे. हेच या लेखाचे मुख्य प्रतिपाद्य होय.

विल्यम स्टिल यांचा जन्म १८२१ मध्ये न्यू जर्सीत झाला. आईबापांच्या अठरा मुलांतील ते सर्वांत धाकटे. १८४७ मध्ये फिलाडेल्फियातील गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत ते कारकून म्हणून लागले; झाडलोटही त्यांच्याकडेच होती. पुढे पळून आलेल्यांस मदत करणाऱ्या दक्षता समितीचे काम त्यांनी हाती घेतले. येणाऱ्या प्रत्येकास ते काही ठरावीक प्रश्न विचारीत आणि उत्तरे लिहून ठेवीत. नाव काय, वय किती, वर्ण कसा, उंची किती, कोठून आला, मालक कोण, त्याचा स्वभाव कसा, कसा निसटला, मागे कोण राहिले, नवे नाव कोणते घेतले, पुढे कोठे रवाना केले आणि खर्च किती आला. हे कागद शोधकर्त्यांच्या हाती पडले असते तर शेकडो माणसे साखळदंडांत परत गेली असती. म्हणून काही काळ ते एका दफनभूमीच्या इमारतीत लपवून ठेवण्यात आले होते. गुलामगिरी संपल्यावर १८७२ मध्ये स्टिल यांनी त्या नोंदींवरून जवळजवळ आठशे पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मूळ नोंदवहीचा एक भाग आजही फिलाडेल्फियाच्या इतिहास संस्थेत आहे.

या ग्रंथास वाङ्मय म्हणावे काय? प्रचलित कसोट्या लावल्या तर उत्तर सोपे नाही. त्यास कथानक नाही, रचना विस्कळीत आहे. जेथे स्टिल भाष्य करू लागतात तेथे त्यांची भाषा त्या काळच्या सभांतील वक्तृत्वाने फुगते, आणि शेवटचा मोठा भाग थोर साहाय्यकर्त्यांच्या स्तुतिपर चरित्रांनी व्यापलेला आहे. तो वाचताना आम्ही पाने उलटली, हे कबूल केले पाहिजे. पण जेथे ते केवळ नोंद करतात तेथे त्यांच्या लेखनास विलक्षण बळ येते. एक माणूस येतो, चार ओळींत उभा राहतो, आपल्या बायकोचे नाव सांगतो, तिला मागे ठेवून आल्याचे सांगतो, आणि पुढच्या नोंदीस जागा करून निघून जातो. पुन्हा तो ग्रंथात येत नाही. कादंबरीकाराने त्यास इतक्या लवकर सोडला नसता. नोंद सोडते, आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

या नोंदींचा बारकाईने विचार करता एक गोष्ट ध्यानात येते. वय, वर्ण, उंची, अंगावरील खुणा ही सारी कलमे दुसरीकडेही आढळतात. पळालेल्या गुलामास पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणाऱ्या मालकांच्या वृत्तपत्री जाहिरातींत नेमकी तीच असत. स्टिल यांनी अशा काही जाहिराती आपल्या ग्रंथात त्या त्या माणसाच्या हकीकतीशेजारीच छापल्या आहेत. तेच मोजमाप, तेच वर्णन; एक पकडण्यासाठी, दुसरे पुन्हा भेट घडविण्यासाठी. मात्र दोन कलमे स्टिल यांच्या वहीत आहेत आणि मालकाच्या जाहिरातीत बहुधा नसतात. मागे कोण राहिले, आणि नवे नाव कोणते. मालकाच्या लेखी मालमत्तेस मागे राहणारे कोणी नसते, आणि नवे नाव घेण्याचा अधिकार तर नसतोच. एकाच नमुन्याचा फॉर्म माणसास वस्तू करू शकतो आणि वस्तूस माणूस करू शकतो, हे दाखविणारा असा दुसरा ग्रंथ आमच्या वाचनात नाही.

'मागे कोण राहिले' या प्रश्नास स्टिल यांच्या स्वतःच्या आयुष्यात मूळ आहे. त्यांची आई सिडनी ही मेरिलँडमधील गुलाम. पहिल्यांदा ती चार मुलांना घेऊन पळाली आणि पकडली गेली. दुसऱ्यांदा चौघांना नेणे शक्य नाही हे उमजून तिने दोन मुलींना बरोबर घेतले आणि लेव्हिन व पीटर या दोघा मुलग्यांना निजलेले सोडून ती निघाली. उत्तरेत तिने चॅरिटी हे नाव घेतले. मुलगे दूर दक्षिणेत विकले गेले. लेव्हिन तेथेच मेला. १८५० च्या ऑगस्टमध्ये स्वतःची किंमत चुकती करून सुटलेला एक प्रौढ गृहस्थ आपल्या आईबापांचा शोध घेत फिलाडेल्फियाच्या कचेरीत आला. त्याच्यापाशी केवळ दोन नावे होती. टेबलापलीकडे बसलेला कारकून नेहमीचे प्रश्न विचारीत होता, आणि उत्तरे ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आले की, ही आपल्याच आईबापांची नावे आहेत. समोर बसलेला पीटर हा त्याने जन्मात न पाहिलेला सख्खा भाऊ होता.

एखाद्या नाटककाराने हा प्रसंग रचला असता तर आम्ही त्यास योगायोगाचा अतिरेक म्हटले असते. स्टिल यांनी मात्र त्यातून कारकुनाला साजेसा निष्कर्ष काढला. प्रत्येकाची नोंद काळजीपूर्वक ठेवली पाहिजे, म्हणजे अशीच आणखी कोणाची भेट घडेल. या कथेचा शेवटही त्यांनी गोड केलेला नाही. पीटरच्या बायकोमुलांना अलाबामातून काढून आणण्यासाठी सेथ कॉन्क्लिन नावाचा एक गोरा मनुष्य १८५१ मध्ये गेला. त्याने त्यांना इंडियानापर्यंत आणलेही. पण तेथे ती सर्व पकडली गेली आणि परत नेण्यात आली. कॉन्क्लिनचे प्रेत नदीत सापडले, बेड्यांसह. पुढे पीटरने गावोगाव हिंडून वर्गणी जमविली आणि पाच हजार डॉलर मोजून कुटुंब सोडविले. ज्या इंडियानात कॉफिन यांचे घर आज दिमाखाने उभे आहे, त्याच इंडियानात ही वाट अशीही संपली. यात्रेकरूंच्या नकाशावर अशा अपयशी वाटा क्वचितच असतात.

स्टिल यांची वही टिकली. दुसरी एक वही टिकली नाही, तिचाही येथे विचार केला पाहिजे. ओहायो नदीकाठच्या रिप्ली गावात जॉन पार्कर राहत. ते स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. १८४५ मध्ये त्यांनी स्वतःस विकत घेऊन सोडविले आणि पुढे लोखंडाचा ओतीव कारखाना काढला. रात्री होडी घेऊन ते केंटकीच्या काठावर जात आणि माणसे घेऊन येत. त्यांनीही नोंदवही ठेवली होती. तीत ३१५ जणांची नोंद झाली होती. १८५० चा कायदा आल्यावर त्यांनी ती आपल्याच भट्टीत टाकली. रिप्लीच्या टेकडीवर जॉन रँकिन या धर्मोपदेशकाचे घर आहे. त्याच्या खिडकीतील दिवा नदीपलीकडून दिसे, आणि यात्रेकरू पायऱ्या चढून तेथे जातात. खाली नदीकाठी पार्कर यांचेही घर आहे. आम्हांस कधी तेथे जाता आले तर दिव्यापेक्षा त्या भट्टीची जागा कोठे होती, हे आम्ही प्रथम विचारू. ३१५ माणसांच्या हकीकती तेथे जळाल्या, आणि त्या जळाल्या म्हणून ती माणसे सुरक्षित राहिली. पार्कर यांनी उतारवयात एका पत्रकारास सांगितलेली कहाणी हस्तलिखितात पडून होती. ती ग्रंथरूपाने १९९६ मध्ये बाहेर आली.

न लिहिणे हेही या वाङ्मयाचे एक अंग आहे. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्ये आत्मकथन लिहिले, पण आपण निसटलो कसे हे सांगण्याचे त्यात साफ नाकारले. उलट या गुप्त वाटेचा गाजावाजा करणाऱ्यांवर त्यांनी कोरडे ओढले. मित्राकडून उसने घेतलेले खलाशाचे कागद खिशात ठेवून ३ सप्टेंबर १८३८ रोजी आपण बाल्टिमोरहून चक्क आगगाडीने निघालो, हे त्यांनी सविस्तर सांगितले ते १८८१ मध्ये. जोवर त्या वाटेने आणखी कोणी जाणार होता तोवर ती त्यांनी वाचकापासून लपविली. एलन आणि विल्यम क्राफ्ट या दांपत्याने १८४८ च्या डिसेंबरात जॉर्जियाहून आगगाडी व आगबोटीने प्रवास केला. गोऱ्या वर्णाच्या एलन यांनी आजारी तरुण मालकाचा वेष घेतला आणि नवरा त्यांचा नोकर झाला. एलन यांनी उजवा हात झोळीत बांधून घेतला होता, कारण हॉटेलांच्या नोंदवहीत सही करावी लागे आणि त्यांना लिहिता येत नव्हते! दुसऱ्या टोकास हॅरिएट जेकब्ज. नॉर्थ कॅरोलिनातील ईडन्टन गावी आजीच्या घराच्या माळ्यावर त्या जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या. ती जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट होती, हे त्यांनी १८६१ च्या आपल्या पुस्तकात मोजमापासह लिहिले. कितीएक वर्षे अभ्यासकांनी ते पुस्तक कल्पित मानले. १९८० नंतरच्या दशकात जीन फेगन येलिन यांनी पत्रे व कागद तपासून ते खरे असल्याचे सिद्ध केले. ते घर आज उभे नाही. माळा आहे तो फक्त पुस्तकात.

कागदाशी अशी इमानदारी न राखणाऱ्या लेखनाचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. गोधड्यांवरील नक्षीतून पळणाऱ्यांना सांकेतिक संदेश दिले जात, अशी एक मोहक कथा १९९९ मध्ये एका पुस्तकाने लोकप्रिय केली. स्टिल यांच्या शेकडो नोंदींत तशा गोधडीचा मागमूस नाही. जोसाया हेन्सन यांचे उदाहरण तर अधिक बोधप्रद आहे. १८३० मध्ये दोन लहान मुलांना पाठीवर बांधून, बायको व उरलेल्या दोघांसह ते कॅनडात पोहोचले, तेथे त्यांनी वसाहत उभी केली आणि १८४९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. नंतर स्टोबाईंची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी आली, हेन्सन हे तिच्या नायकाचे मूळ म्हणून प्रसिद्धी पावले, आणि ऑन्टारिओतील त्यांच्या राहत्या घरास कादंबरीतील खोपटाचे नाव पडले. जिवंत माणसाच्या घरावरील कल्पित माणसाची ती पाटी उतरून हेन्सन यांचे स्वतःचे नाव लागण्यास २०२२ साल उजाडावे लागले. कोल्सन व्हाइटहेड यांनी २०१६ च्या आपल्या कादंबरीत ही रेल्वे खरोखरीच भुयारातून, रुळांवरून धावविली आहे. तिला मोठे सन्मान मिळाले आणि ते अस्थानी नव्हते. लेखक प्रारंभीच वास्तवाचा करार मोडतो, म्हणून आपण फसत नाही. तरीही वाचून झाल्यावर आम्हांस वाटले की, आगगाडीच्या आवाजात पावलांचा आवाज थोडा बुडाला. स्टिल यांच्या वहीत अनेक माणसे चालत येतात.

आपल्या वाङ्मयाशी या विषयाचा एक खराखुरा धागा आहे. स्टिल यांचा ग्रंथ १८७२ चा. जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' १८७३ चे. गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य व स्वार्थत्याग दाखविल्याबद्दल जोतीरावांनी ते अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. अर्पणपत्रिकेत अभिवादन आहे ते मुक्त करणाऱ्यांस. पुस्तकाच्या अंतरंगात मात्र जोतीराव वेगळेच काही करतात. धोंडिबाशी चाललेल्या संवादात ते दडपलेल्याच्याच हाती जुनी कागदपत्रे देतात आणि त्यासच प्रश्न विचारावयास लावतात. मदत करणाऱ्याचे आभार मानावे, पण हकीकत ज्याची त्याने सांगावी, हा विवेक फिलाडेल्फियाच्या कचेरीत आणि पुण्यात एकाच सुमारास जागा होता. आमच्यापैकी अनेकांनी अर्पणपत्रिका वाचून पुस्तक मिटले, हा दोष जोतीरावांचा नव्हे.

मग स्थळे पाहू नयेत काय? अवश्य पाहावीत. सिनसिनाटीच्या संग्रहालयात केंटकीतील एक लाकडी कोठी आणून उभी केली आहे. विक्रीसाठी दक्षिणेत नेण्यापूर्वी माणसांना तीत कोंडून ठेवीत. कित्येक वर्षे तिच्यावरून तंबाखूचे कोठार बांधलेले होते. तिच्या ओंडक्यांना हात लावून जे कळेल ते आठशे पानांतून कळणार नाही, हे आम्ही मान्य करतो. आमचे म्हणणे इतकेच की, आधी वही वाचावी आणि मग घर पाहावे. वहीवाचून घर पाहणारा घरमालकास भेटून येतो.

शेवटी दिल्लीकर वाचकांस सांगण्याजोगी एक गोष्ट. १८५० ते १८५५ या काळात विल्यम स्टिल आणि त्यांच्या पत्नी लेटिशिया फिलाडेल्फियात ज्या घरी राहत आणि जेथे त्यांनी पळून आलेल्या कितीएकांना ठेवून घेतले, ते घर कोणते हे दीर्घकाळ विसरले गेले होते. २०१८ मध्ये ते निश्चित झाले आणि शहराच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आले. शोध लागला तो जुन्या कागदांवरून, आणि त्यात लेटिशियाबाईंनी आपल्या शिवणकामाच्या धंद्यासाठी वृत्तपत्रात दिलेली एक लहानशी जाहिरातही होती. चिंचोळ्या गल्लीतील ते ओळीतले एक साधे घर आहे. ती गल्ली आज डेल्ही स्ट्रीट या नावाने ओळखली जाते.

आमचे सहकारी पुढील वर्षी पुन्हा मुलाकडे जाणार आहेत. स्टिल यांचा ग्रंथ आम्ही त्यांना वाचावयास दिला आहे. परवा कचेरीच्या बसथांब्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "अहो, दोनशे पाने झाली. एक विचारू का? त्या माडीवरच्या दारातून वाकून आत पाहता येत होते. मागे रांग होती म्हणून आम्ही पुढे सरकलो. आत किती माणसे बसत, ठाऊक आहे तुम्हांला?" चौदापर्यंत, असे वाचल्याचे आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत. बस आली तशी आम्ही दोघे चढलो.